फ्रिजखालचं पाणी

पहिल्यांदा पाणी दिसलं तो गुरुवार होता. सकाळी पावणेसहाला चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेलो आणि डावा पाय ओला झाला. फ्रिजच्या दारासमोर दोन फरशांच्या सांध्यात पाणी साचलं होतं, साधारण बशीएवढं. बोट लावून वास घेतला. मासळीचा वास होता, अगदी पुसट, पण होता.

गुरुवारी आमच्या घरात मासळी शिजत नाही. सोमवार, गुरुवार, शनिवार हे तीन वार आम्ही पाळतो. माझी बायको शाळेत शिकवते, सातला घर सोडते आणि त्याआधी देवपूजा उरकते. पूजेच्या आधी फ्रिजसमोर मासळीचं पाणी बघून तिच्या कपाळाला आठी पडली. मी फरशी पुसली आणि फडकं मोरीत पिळण्याऐवजी मोजपात्रात पिळलं. एकशे वीस मिलिलिटर भरलं.

मोजण्याची ही सवय धंद्याची आहे. पावणे गावच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या प्रयोगशाळेत मी सत्तावीस वर्षं कारखान्यांची मापनयंत्रं तपासतो. दाबमापक, तापमापक, वजनकाटे. काटा खरं सांगतो की खोटं, हे ठरवणं माझं काम. त्यामुळे घरातही मी अंदाजाने बोलत नाही. वही काढून तारीख, वेळ आणि आकडा लिहिला.

घरात आम्ही तिघं. मी, बायको आणि माझी आई. आई शहात्तर वर्षांची, खाडीकाठच्या दिवाळे गावची कोळीण. पस्तीस वर्षं तिने बेलापूरच्या बाजारात बसून मासळी विकली. वडील गेल्यावर ती आमच्याकडे सोसायटीत राहायला आली. बुधवार, शुक्रवार आणि रविवार असे तीन दिवस सकाळी ती रिक्षाने दिवाळ्याला जायची. होड्यांवरून आलेला माल बघायची, ओळखीच्या बायकांत तासभर बसायची आणि साडेदहापर्यंत पिशवी घेऊन परत यायची. मासळी साफ करून, हळद-मीठ लावून, एकेका वेळेपुरत्या पिशव्या बांधून फ्रीजरमध्ये ठेवायची. संध्याकाळी मी त्या पिशव्या वजन करून कागदाची पट्टी चिकटवायचो. पट्टीवर मासळीचं नाव, ग्रॅम आणि तारीख. आई त्याला हसायची. बांगडा बघून बांगडा कळत नाही का तुला, म्हणायची.

पाणी पुन्हा शनिवारी आलं. मग सोमवारी. एकदा मध्येच मंगळवारी. पाच आठवड्यांत चौदा वेळा आलं, त्यातल्या बारा वेळा मासळी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. घरात माझ्याआधी उठणारं माणूस एकच होतं. बाजाराच्या सवयीने आईला साडेचारला जाग येते. फ्रीजर उघडला तर तळाला बर्फाचा पातळ थर दिसायचा, पिशव्या त्याला चिकटलेल्या असायच्या. खाली भाजीचा डबा ओढला तर त्याच्याखालीही पाणी. मी सगळं जोडलं. आई पिशव्या नीट निथळत नाही, भाजी ओलीच ठेवते, पहाटे काहीतरी काढते आणि सांडते. चौदापैकी बारा. याहून कमी पुराव्यावर मी कारखान्यांची यंत्रं बाद केलेली आहेत.

दुसऱ्या आठवड्यातच मी तिला विचारलं होतं.

"आई, काल पिशव्या ठेवताना पानी गळत होतं का?" तिच्याशी बोलताना माझा ण अजूनही न होतो.

"नाय बाला. पुसून ठेवल्या मी."

"मग हे कुठनं आलं?"

तिने फ्रिजकडे बघितलं, वाकून खालची फरशी बघितली आणि म्हणाली, "फ्रिजातून आलं असंन."

"फ्रिज पानी सांडत नाय, आई," मी म्हणालो.

उत्तर तिने दिलेलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात, एका वाक्यात. मी ते वहीत लिहिलंसुद्धा नाही. 'विचारलं असता नाकारलं' एवढंच लिहिलं.

पुढे काय झालं ते क्रमाने सांगतो, कारण ते हळूहळू झालं आणि त्यातला प्रत्येक टप्पा मला त्या वेळी योग्य वाटला होता.

आधी आई जास्त काळजी घ्यायला लागली. पिशव्या दोन-दोनदा पुसायची, मला बोलावून दाखवायची. तरी सकाळी पाणी. मग ती माझ्या उठण्याआधी फरशी पुसून ठेवायला लागली. सिंकखाली एकदा मला ओलं फडकं सापडलं. ते मी पिळून मोजलं आणि बायकोला सांगितलं की आई लपवते आहे. लपवते म्हणजे तिला माहीत आहे. बायको म्हणाली, म्हातारं माणूस आहे, जाऊ द्या. मी म्हणालो, प्रश्न पाण्याचा नाही. आज पाणी सांडलेलं आठवत नाही, उद्या गॅस चालू ठेवलेला आठवणार नाही. हे वाक्य मला त्या दिवशी फार समजूतदारपणाचं वाटलं होतं.

आणि एका सोमवारी मी काही विचारायच्या आधीच आई म्हणाली, "मीच सांडलं असंन, बाला. मना याद नाय."

कबुली मिळाली म्हणून मी नेरूळच्या एका डॉक्टरांची वेळ घेतली. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण बघणारे डॉक्टर. त्यांनी आईला तीस गुणांची एक चाचणी दिली. आज वार कोणता, महिना कोणता, तीन शब्द लक्षात ठेवा, हे चित्र बघून काढा, एक वाक्य लिहा. आई चौथीपर्यंत शिकलेली. चित्र आणि वाक्य तिला जमलं नाही. एकवीस गुण पडले. डॉक्टर म्हणाले, कमी शिकलेल्या माणसाला हे गुण वाईट नाहीत, एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. घरी काही विसरतात का?

मी वही पुढे केली.

त्यांनी ती पान न् पान उलटून वाचली. तारखा, वेळा, मिलिलिटर. इतक्या व्यवस्थित नोंदी फार कमी नातेवाईक आणतात, असं म्हणाले. मला बरं वाटलं. आई शेजारच्या खुर्चीत मांडीवर पिशवी धरून बसली होती आणि माझ्या वहीकडे बघत होती. त्या वहीत तिच्याबद्दल इतकं लिहिलेलं आहे हे तिला त्या दिवशी कळलं.

डॉक्टरांनी औषध दिलं नाही. दोन महिन्यांनी या, तोवर लक्ष ठेवा, एकट्याने लांब जाऊ देऊ नका, असं सांगितलं. मी घरी येऊन त्याचे नियम केले. दिवाळ्याला एकटीने जायचं नाही. गॅसला हात लावायचा नाही. फ्रीजर उघडायचा नाही, काही हवं असेल तर आम्हाला सांगायचं.

"मंग मी काय करू?" आईने विचारलं.

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, आराम कर.

ती आराम करायला लागली. म्हणजे हॉलमध्ये खिडकीजवळच्या खुर्चीत बसायला लागली. दिवाळ्याच्या एका बाईचा फोन आला की तब्येत बरी नाय म्हणून सांगायची. घरात मासळी कमी येऊ लागली, आणि पाणीही कमी आलं. कधी पन्नास, कधी साठ, काही दिवस काहीच नाही. वहीत मी लाल रेघ मारून 'बंदीनंतर' असा वेगळा रकाना पाडला. आकडे माझ्या बाजूने होते.

उरणला माझी बहीण असते. तिला मी हे सगळं फोनवर सांगितलं तेव्हा ती चिडली. आई ठणठणीत आहे, तुझ्याच डोक्यात काहीतरी शिरलंय, म्हणाली. मी म्हणालो, मग तूच घेऊन जा दहा दिवस, तुलाही दिसेल. त्यात माझा एक हिशोबही होता. आई घरात नसताना फरशी कोरडी राहिली की कुणालाच बोलायला जागा उरणार नव्हती. बहीण शुक्रवारी येऊन आईला घेऊन गेली. जाताना आईने फ्रिजमधलं तिचं दही मला विचारून बाहेर काढलं.

शनिवार कोरडा. रविवार सकाळ कोरडी. मी बायकोला दोन्ही दिवस बोलावून फरशी दाखवली. ती म्हणाली, दिसतंय मला.

रविवारी दुपारी मी सेक्टरच्या बाजारातून मासळी आणली. बर्फातली, ओली. ओट्यावर काटा मांडून एकेक पिशवी वजन केली, पट्ट्या लिहिल्या, चिकटवल्या. फ्रीजरचं दार तेवढा वेळ उघडंच होतं. जागा करून पिशव्या रचायला सहज वीस मिनिटं लागली.

सोमवारी सकाळी बायको माझ्याआधी उठली होती. मी स्वयंपाकघराच्या दारात पोचलो तेव्हा ती हातात पूजेचं ताम्हन घेऊन फ्रिजसमोर उभी होती. पाणी ओट्याच्या पायापर्यंत गेलं होतं.

"अहो," ती म्हणाली, "आज कोणी सांडलं?"

मी फडकं घेतलं. दोनशे साठ मिलिलिटर. वहीतला सगळ्यात मोठा आकडा.

मंगळवारी मी रजा टाकली. फ्रिज अकरा वर्षांचा, दोन दारांचा, ज्यात बर्फ आपोआप वितळतो तसला. वर फ्रीजरच्या मागच्या भिंतीआड थंड नळ्या असतात. त्यांच्यावर हवेतला ओलावा गोठतो, दिवसातून एकदोनदा आतला हीटर तो वितळवतो आणि ते पाणी एका भोकातून, मग नळीतून मागे खाली उतरून कॉम्प्रेसरवरच्या तसराळ्यात पडतं. तिथल्या उष्णतेने ते उडून जातं. हे मला माहीत होतं. कुणी विचारलं असतं तर आकृती काढून दाखवलं असतं.

फ्रिज पुढे ओढून मागे वाकलो आणि टॉर्च मारला. तसराळं कोरडं होतं. नुसतं कोरडं नाही, त्यात धूळ बसली होती, बोट फिरवल्यावर रेघ उमटली. म्हणजे कित्येक आठवडे तिथे थेंबसुद्धा पोचलेला नव्हता. हे बघायला अर्धं मिनिट लागलं. अडीच महिने मी फरशी मोजत होतो.

मग फ्रिज बंद केला. मासळी थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून ठेवली. फ्रीजरच्या आतली मागची पाटी चार स्क्रूंवर असते, ती काढायला पाऊण तास गेला, कारण ती खाली बर्फात रुतली होती. ओढली तर तुटली असती. गरम पाण्यात फडकी बुडवून, पिळून, लावून ठेवायची, निवली की बदलायची. पाटी निघाली तेव्हा आत नळ्यांच्या खालची पन्हळ बर्फाने गच्च भरलेली दिसली. दोन बोटं जाड बर्फ, पांढरा, दगडासारखा. वरून वितळलेलं पाणी त्याच्यावरून घसरून फ्रीजरच्या तळाला येत होतं, तिथे मासळीच्या पिशव्यांखाली गोठत होतं, उरलेलं हवेच्या वाटेने खालच्या कप्प्यात, भाजीच्या डब्याखाली आणि तिथून दाराबाहेर. मासळी ठेवायला दार जास्त वेळ उघडलं की ओली हवा जास्त आत जाते, जास्त बर्फ धरतो, दुसऱ्या दिवशी जास्त पाणी येतं. चौदापैकी बारा. आकडा बरोबर होता.

बर्फ चाकूने टोचायचा नाही, नळी फाटते. मी फडक्यांनीच वितळवत राहिलो. अकराच्या सुमारास भोक दिसलं. मेडिकलमधून मोठी सिरिंज आणली होती, तिने कोमट पाणी भोकात सोडलं. पाणी परत वर आलं. पुन्हा सोडलं, पुन्हा वर. मग केबलच्या तारेचं टोक वाकवून हळूच आत घातलं, फिरवलं आणि ओढलं. तारेला अडकून एक लगदा आला. कागदाचा. त्याला चिकटपट्टीचा तुकडा होता.

तळहातावर घेऊन उलगडला. बॉलपेनची शाई पाण्याने जात नाही. बोंबील, ४५०, आणि पुढे तारीख. अक्षर माझं. तारीख पहिल्या पाण्याच्या आठ दिवस आधीची.

पट्टी कुठल्यातरी पिशवीवरून सुटली असणार, पाटीखालच्या फटीतून आत सरकली असणार आणि वितळत्या पाण्याबरोबर भोकापर्यंत गेली असणार. पुन्हा कोमट पाणी सोडलं तेव्हा ते गुडगुडत खाली गेलं आणि मागच्या तसराळ्यात पडल्याचा आवाज आला. मी तो आवाज चार वेळा ऐकला. चार सिरिंजा सोडल्या म्हणून चार वेळा.

दुपारी बहिणीला फोन केला आणि काहीही वगळलं नाही. पट्टीसुद्धा सांगितली. ती म्हणाली, "दादा, हे पण वहीत लिही. तुज्या अक्षरात." आणि फोन ठेवला.

आईला आणायला मी स्वतः उरणला गेलो. तिथेच तिला सांगितलं, आई, फ्रिजच बिघडला होता, तू काही सांडलं नव्हतंस. ती म्हणाली, बरं झालं. घरी आल्यावर मी तिला फ्रिजमागे नेलं, तसराळ्यात साचलेलं पाणी दाखवलं, वाळवून ठेवलेली पट्टी दाखवली. डॉक्टरांना पण सांगू म्हणालो. गॅस, फ्रीजर, दिवाळं, सगळे नियम रद्द, म्हणालो. ती ऐकत होती. मी बोलताना ती माझ्या तोंडाकडे बघत होती, पट्टीकडे नाही.

संध्याकाळी ती बायकोजवळ बोलली. बायकोने ते मला जेवताना जसंच्या तसं सांगितलं. "माजी चूक झाकाया बोलतो तो. पोरगा चांगला हाय."

मी पुन्हा समजावलं. एकदा नाही, चार-पाच वेळा. एकदा आवाजही चढला, तेव्हा ती लगेच हो म्हणाली. शेजारी कुणी आलं की ती सांगायची, मना आता काय याद राहत नाय, पोरगा सांभाळून घेतो. बुधवारी मी तिला दिवाळ्याला जा म्हणालो, रिक्षाही खाली उभी केली. तिने पिशवी काढली, घडी केली आणि परत ठेवली. उद्या बगू, म्हणाली. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता.

फरशी त्यानंतर एकदाही ओली झाली नाही.

दोन महिने भरले तेव्हा आम्ही डॉक्टरांकडे गेलो. मला माझ्या वहीतल्या नोंदी त्यांच्या कागदांतून काढून टाकायच्या होत्या. मी त्यांना सरळ सांगितलं, माझं निरीक्षण चुकीचं होतं, दोष यंत्रात होता, आईत नव्हता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, कागदावर तसं लिहिलं आणि म्हणाले, चांगलं झालं सांगितलंत, आता पुन्हा एकदा चाचणी घेऊ.

वार, महिना तिने सांगितला. प्रत्येक उत्तराआधी माझ्याकडे बघून सांगितला. मग डॉक्टर म्हणाले, शंभरातून सात वजा करत जा. मागच्या वेळी आईने हा प्रश्न संपूही दिला नव्हता. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट, अशी एका दमात थेट उतरली होती, बाजारात गिऱ्हाइकाचे सुटे परत करावेत तशी.

या वेळी ती म्हणाली, "त्र्यान्नव." आणि थांबून माझ्याकडे बघितलं.

मी चेहरा स्थिर ठेवला. चाचणी चालू असताना खूण करणं बरोबर नाही, असं मला वाटलं. मान हलवली असती तर गुण खोटे ठरले असते.

आई माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहिली. मग तिची नजर खाली गेली.

"चुकलं का?" ती म्हणाली. "चौऱ्यान्नव असंन." आणि पुढे एकही आकडा बोलली नाही.

सोळा गुण पडले. डॉक्टर म्हणाले, दोन महिन्यांत पाच गुण जाणं दुर्लक्ष करण्यासारखं नाही, पाणी कशाचंही असो, आता औषध सुरू करू. मी म्हणालो, ती माझ्याकडे बघत होती म्हणून चुकली. ते म्हणाले, उत्तराआधी जवळच्या माणसाकडे बघणं हेसुद्धा या आजारात दिसतं. त्यांच्यासमोरच्या कागदावर एकवीस आणि सोळा असे दोन आकडे होते. दोन्ही त्यांनी स्वतः मोजलेले. माझ्याकडे त्यांना दाखवायला आकडा नव्हता.

रिक्षात बसल्यावर आईने विचारलं, "बरोबर सांगितलं ना रं मी?"

मी हो म्हणालो.

गोळी रात्री जेवणानंतर आठ वाजता घ्यायची असते. डबी तिच्याच उशाशी असते. गेल्या सात आठवड्यांत ती वेळ एकदाही चुकलेली नाही. आठ वाजले की ती डबी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येते, झाकण न उघडता उभी राहते आणि विचारते, आज घेतली का मी?